तेरडा रंगीत, ब्रह्मगिरी ब्लॅक अँड व्हाइट: ठरवायचं कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा: "मी नाशिकचाच. पावसाळ्यात त्र्यंबक, अंजनेरी, हरिहर या भागात फिरून लँडस्केप काढतो. घरी आल्यावर प्रत्येक फोटो रंगीत आणि ब्लॅक अँड व्हाइट असा दोन्ही करून बघतो. आधी दोन्ही बरे वाटतात, तासाभराने एकही धड वाटत नाही. ग्रुपमधले एक जण म्हणतात, खरं लँडस्केप ब्लॅक अँड व्हाइटच. दुसरे म्हणतात, पावसाळ्यातलं हिरवं काढून टाकणं म्हणजे पाप. ठरवायचं कसं आणि कधी? सोबत दोन फोटो आहेत: अंजनेरीच्या पठारावरचा तेरडा आणि तिथूनच दिसणारा ढगातला ब्रह्मगिरी."

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. तेरडा रंगीतच ठेवा. ब्रह्मगिरी ब्लॅक अँड व्हाइट करा, पण तुम्ही केलाय तसा नको. आणि ग्रुपमधल्या त्या दोघांना आपापसात भांडू द्या.

फोटोसमोर बसल्यावर मी एकच गोष्ट तपासतो. या चित्रात दोन वस्तू एकमेकींपासून सुट्या दिसतात त्या रंगामुळे, की उजेड-अंधारामुळे? रंगामुळे सुट्या होत असतील तर रंग काढला की त्या एकमेकींत विरघळतात. उजेडामुळे होत असतील तर रंग बहुतेक वेळा नुसता सोबतीला आलेला असतो, कधी कधी अडचणही करतो. फोटो चांगला की वाईट हा मुद्दा यानंतरचा.

तुमचा तेरडा घ्या. गुलाबी फुलं, खाली ओलं हिरवं गवत, वर ढगाळ आभाळ, सावली कुठेच नाही. डोळ्याला गुलाबी आणि हिरवं यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. उजळपणा मात्र दोन्हींचा जवळपास सारखा आहे. म्हणून सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्यावर नेल्याबरोबर तुमची फुलं गायब झाली आणि राहिला एक करडा गालिचा. यावर नेहमीचा उपाय तुम्हीही करून पाहिलेला दिसतोय: मॅजेन्टाचा स्लायडर वर, हिरव्याचा खाली. फुलं परत आली खरी, पण पठारावर कोणी चुरमुरे सांडल्यासारखी. हे पांढरे ठिपके तेरड्याचे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुम्हाला फुलं दिसतात. मला मथळा वाचावा लागला.

सोनकीचं, म्हणजे पठारावरच्या त्या पिवळ्या रानफुलाचं, त्याहून अवघड. पिवळा रंग मुळातच उजळ, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती तेरड्यापेक्षा बरी उठून दिसते. पण गवतापासून तिला आणखी वेगळं काढायला गेलात की अडकता. कारण सॉफ्टवेअरच्या लेखी गवत हिरवं नसतंच. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये जा (तिथे प्रत्येक रंग करड्यात किती उजळ दिसावा ते ठरवता येतं), हिरवा स्लायडर पूर्ण हलवून बघा आणि मग पिवळा हलवा. उन्हातलं गवत आणि कोवळी पानं बहुतांशी पिवळ्यालाच दाद देतात. सोनकीही त्याच पिवळ्यात बसलेली. एक वर केली की दुसरं वर येतं. भाद्रपदातलं सोनकीचं पठार म्हणूनच मी रंगीतच काढतो.

आता ब्रह्मगिरी. या फोटोत रंग आहे कुठे? ढग पांढरे, कडा काळपट, मधल्या सोंडा करड्या, आणि डाव्या कोपऱ्यात खाली थोडंसं हिरवं. सगळ्यावर एक निळसर झाक आहे, ती ढगातून गाळून आलेल्या उजेडाची. चित्राचं सगळं वजन पांढऱ्या ढगातून बाहेर डोकावणाऱ्या काळ्या कड्यावर आहे, आणि तो कोपऱ्यातला हिरवा तुकडा नजर उगाच खाली ओढून नेतो. रंग गेला तर काहीच हरवत नाही, उलट एक त्रास कमी होतो. इथे ब्लॅक अँड व्हाइटला हरकत नाही म्हणण्यापेक्षा तेच योग्य, असं मी म्हणेन.

मग तुमचं चुकलं कुठे? तुम्ही तयार 'रेड फिल्टर' प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणारी ठरीव सेटिंग, लावलाय. या प्रीसेटवर इतक्या लोकांचा जीव का, ते समजण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये 1927 साली छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने हाफ डोमच्या कड्याचा जो प्रसिद्ध फोटो घेतला, त्यात आधी पिवळा फिल्टर लावून एक प्लेट (काचेची निगेटिव्ह) काढली. आभाळ मनासारखं गडद येणार नाही असं वाटल्यावर उरलेल्या शेवटच्या प्लेटवर गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो, निळं आभाळ काळं पडतं आणि उन्हातला खडक त्यावर उजळून उठतो. तेव्हापासून लँडस्केप आणि लाल फिल्टर ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. पण त्याच्या कड्यामागे निरभ्र निळं आभाळ होतं. श्रावणातल्या त्र्यंबकला निळं आणायचं कुठून? करड्या ढगात तिन्ही रंग जवळजवळ सारखेच असतात, तिथे लाल फिल्टर आभाळाचं काहीही करत नाही. तो एकच गोष्ट करतो: दूरच्या डोंगरावरचा निळसर विरळपणा कापतो. आणि तुमच्या फोटोत नेमका तो विरळपणाच हवा होता.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागातल्या निम्म्या फोटोंचं मर्म यात आहे. दूरची डोंगररांग जवळच्या रांगेपेक्षा फिकट आणि निळसर दिसते, कारण मधली हवा निळा उजेड जास्त विखुरते. रांगेमागे रांग अशी जी खोली दिसते ती या फिकटपणामुळेच. सप्तशृंगगडावरून हिवाळ्यातल्या सकाळी सातमाळेकडे बघा: मार्कंड्या जवळ, म्हणून गडद, त्याच्या मागच्या रांगा एकेक पायरी फिकट होत जातात. असा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल वाढवून निळा खाली दाबलात तर सगळ्या रांगा सारख्या काळ्या होतात आणि डोंगर एकमेकांवर चिकटवल्यासारखे सपाट दिसतात. उलट करा. निळा आणि अॅक्वा थोडे वर न्या. मागची रांग आणखी फिकट होईल, पुढची आहे तिथेच राहील आणि मधली हवा पुन्हा दिसायला लागेल. तुमच्या ब्रह्मगिरीला हेच करा. पुढची सोंड गडद राहू द्या आणि मागच्या कड्याला ढगात अर्धा बुडू द्या. 'क्लॅरिटी' आणि 'डीहेझ' या धूसरपणा कापणाऱ्या दोन स्लायडरना त्या दिवशी हातही लावू नका.

लाल फिल्टरचे दिवस आपल्याकडेही येतात. पाऊस गेला, हवा धुऊन निघाली, आभाळ गर्द निळं आणि त्यात कापसासारखे सुटे ढग: साधारण ऑक्टोबरची सुरुवात ते नोव्हेंबर. तेव्हा हरिहरचा कातळ, साल्हेरची उभी भिंत, अंकाई-टंकाईची जोडी यांना लाल-नारिंगी वर आणि निळा खाली हे मिश्रण शोभून दिसतं. फक्त निळा फार खाली ओढू नका. आभाळात दाणे उठतात आणि कड्याच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ येते. शंभर टक्के झूम करून कड्याची धार तपासली की ती रेघ लगेच दिसते. आभाळ आणखी गडद हवंच असेल तर आभाळाचा वेगळा मास्क करून (म्हणजे फक्त आभाळ निवडून) एक्स्पोजर थोडं उतरवा. डिजिटल कॅमेऱ्याच्या लेन्सवर खरा लाल फिल्टर लावण्यात मात्र काही अर्थ नाही. सेन्सरवरच्या चार ठिपक्यांपैकी एकच लालाचा असतो, बाकी तीन जवळजवळ उपाशी राहतात, शिवाय तीन स्टॉप उजेड जातो, म्हणजे आठवा भागच उरतो. फिल्मसाठी तो लाखमोलाचा होता आणि आजही आहे.

पोलरायझरचं, म्हणजे चमक कापणाऱ्या फिल्टरचं, तसं नाही. तो काय करतो हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही. ओल्या पानावर आभाळाची पांढुरकी चमक असते, ती त्याने काढली की आतला हिरवा बाहेर येतो, म्हणून पावसाळ्यात रंगीत काढताना तो लेन्सवर असावाच. पण ब्लॅक अँड व्हाइट काढायचं ठरलं असेल तर बहुतेक वेळा काढून ठेवा. ओल्या कातळावरची चमक हाच तिथला पांढरा रंग. ती पुसली की खडक नुसता काळा ठोकळा उरतो. कोणता फोटो काढायचाय हे बटण दाबण्याआधी का ठरवावं, याचं हे सगळ्यात रोकडं कारण: दोन्हींसाठी एकच फाइल चालत नाही.

पांढऱ्या आभाळाचं दुखणं मात्र फार जुनं आहे. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युएल बोर्नने 1860 च्या दशकात हिमालयात आणि काश्मीरमध्ये काढलेली लँडस्केप पाहिलीत तर बऱ्याच ठिकाणी आभाळ कोरं दिसेल. त्या काळच्या ओल्या कोलोडियन प्लेटला (रसायन लावून ओली असतानाच वापरायच्या काचेला) निळाच उजेड प्रामुख्याने दिसायचा, लाल जवळपास नाहीच. त्यामुळे डोंगर नीट यायला लागणाऱ्या वेळात आभाळ जळून जायचं. आपल्याला तंत्राची अडचण नाही, हवामानाची आहे. जुलैतलं ओळ-ना-आकार असलेलं पांढरं आभाळ रंगीत फोटोत वाईट दिसतं आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्येही वाईटच दिसतं. "आभाळ मेलेलं होतं म्हणून ब्लॅक अँड व्हाइट केला" हे वाक्य मी फार ऐकतो. अशा वेळी फ्रेममधून आभाळच काढा: लेन्स खाली झुकवा, दरीतला ढग घ्या, दुगारवाडीच्या धबधब्याचा मधला टप्पा घ्या, पायवाट घ्या.

हिरव्याबद्दल. साध्या डीसॅच्युरेशनपेक्षा ज्याला नीट रूपांतर म्हणतात ते डोळ्याच्या संवेदनेप्रमाणे वजन देतं: प्रचलित मानकात हिरव्याला साधारण 72 टक्के, लालाला 21 आणि निळ्याला अवघे 7. याचा पावसाळ्यातला परिणाम असा की सगळं गवत, सगळी झाडी एकाच मधल्या करड्यात येऊन बसते. श्रावणातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो सिमेंटसारखे दिसतात ते यामुळे. कोणीतरी निर्णय घ्यावा लागतो: गवत फिकट हवं की गडद? काळा कातळ नायक असेल तर पिवळा आणि हिरवा वर न्या, गवत चंदेरी होऊ द्या, खडक आपोआप काळा ठसठशीत दिसेल. धबधबा नायक असेल तर उलट, झाडी गडद करा, म्हणजे पाण्याची दुधी रेघ एकटी उरते. सोमेश्वरच्या धबधब्यावर हे दोन्ही करून बघा, एकाच फाइलवर दोन वेगळ्या जागा दिसतील.

आणि रंगीत ठेवायचं असेल तर हिरव्याला आवर घाला. मोबाइल आणि कॅमेरे दोन्ही हा हिरवा भडक करतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फ्रेमचा हिरवा वेगळा येतो; ढगाळवर किंवा डेलाइटवर पक्का करा. नंतर हिरव्या-पिवळ्याचं सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी किंचित उतरवा. ओल्या कातळाचा काळा, मातीचा तांबडा आणि ढगाचा करडा यांना श्वास घ्यायला जागा मिळाली की हिरवा आपोआप हिरवा दिसतो.

"हिरवं काढणं पाप" म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे, तो सांगायला हवा. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी 1960 च्या दशकापासून भारतात रंगीत फिल्मवर काम केलं. गंभीर छायाचित्रण म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट असं कलाजगत धरून चाललेलं असताना, भारताला रंगापासून तोडून बघताच येत नाही ही भूमिका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांचं काम पाहिल्यावर आपले अर्धे युक्तिवाद थंड पडतात. तरी मला वाटतं, ते प्रामुख्याने माणसांनी भरलेल्या रस्त्यांबद्दल आणि घाटांबद्दल खरं आहे. ढगात बुडालेल्या कड्यावर ती सक्ती लागू होत नाही.

रंग माहिती देतो की नुसता सजावट करतो, याचं माझं आवडतं उदाहरण गोदाकाठी आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, रामकुंडावर पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं की अख्खं नाशिक पुलावर उभं राहतं आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. हा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करण्याचा मोह फार होतो: काळ्या दगडाची देवळं, मोठं आभाळ, सळसळतं पाणी. पण ते पाणी गढूळ, चॉकलेटी आहे, हीच तर बातमी. करड्यात पुराचं पाणी आणि स्वच्छ पाणी एकसारखंच दिसतं. रंग काढलात तर फोटोतली नदी नुसती भरलेली राहते, तिचा पूर जातो. मी पूर रंगीतच काढतो. तोच काठ जानेवारीच्या पहाटे, धुक्यात, नारोशंकराच्या देवळाची नुसती बाह्यरेषा दिसत असताना काढायचा असेल तर रंगाचं काही देणंघेणं उरत नाही.

धुक्याचंही सरसकट सांगता येत नाही. नांदूरमध्यमेश्वर घ्या. आपलं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, पण लोक तिथे पक्ष्यांसाठी जातात आणि लँडस्केपकडे पाठ करून उभे राहतात. सूर्योदयाआधी तिथे पाणी, धुकं, वाळलेली झाडं सगळं निळसर करडं असतं. ते बिनदिक्कत ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य वर आला की काही मिनिटं धुक्याचा वरचा पदर केशरी आणि खालचा निळाच राहतो. या दोन पट्ट्यांत उजळपणाचा फरक थोडा आणि रंगाचा प्रचंड. तेव्हा रंगीत. ऊन पांढरं पडलं की पुन्हा दुसरं गणित. ठिकाणावर शिक्का मारून ठेवू नका. एकाच सकाळी निर्णय दोनदा बदलतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी हवेत धूळ, गवत वाळून पिवळट, आभाळ पांढुरकं. रंग म्हणून तपकिरीच्या दोन छटा. लोक कॅमेरा कपाटात ठेवतात, आणि माझ्या मते तोच ब्लॅक अँड व्हाइटचा सर्वात चांगला हंगाम आहे. झाडी गळालेली असते, डोंगराची हाडं उघडी पडतात. आपला सगळा मुलूख साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. ते आडवे थर, त्यांच्यामधल्या फिकट पायऱ्या, सकाळी सातच्या तिरप्या उन्हात रामशेजवर किंवा धोडपच्या सुळक्यावर स्पष्ट दिसतात. प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते. अकरा वाजता तोच डोंगर सपाट भिंत होतो, तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटही त्याला वाचवत नाही.

या थरांमध्ये एक गंमत आहे. काही ठिकाणी, विशेषतः घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडीत, दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखा लाल मातीचा पट्टा दिसतो. एक थर ओतला गेल्यावर पुढचा येण्याआधी मधल्या काळात खडकाची झीज होऊन ती माती झाली. रंगीत फोटोत हा पट्टा लगेच कळतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल स्लायडर वर नेलात तर काळ्या कड्यावर एक पांढरा पट्टा उमटतो, खाली नेलात तर तो पूर्ण नाहीसा होतो. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघा. रूपांतर ही तटस्थ क्रिया नसते, तुम्ही डोंगर नव्याने रंगवताय, हे त्यातून जितकं कळतं तितकं माझ्या समजावण्याने कळणार नाही.

आता "कधी ठरवायचं". जागेवर. कॅमेऱ्यात पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवा आणि फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची सगळी मूळ माहिती ठेवणारी. स्क्रीनवर काळं-पांढरं दिसेल, फाइलमध्ये रंग सगळा शाबूत राहील. लाइटरूममध्ये उघडल्यावर फोटो पुन्हा रंगीत दिसला तर घाबरू नका, तो तसाच दिसणार. नुसतं जेपेग मोनोक्रोमवर काढलंत तर मात्र रंग कायमचा गेला आणि त्याबरोबर स्लायडरही गेले. मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडरमध्येच कळतं; नसेल तर एक चाचणी फ्रेम पुरते. मोबाइलवाल्यांनी मोनो फिल्टर लावून एकदा स्क्रीन बघावी आणि फिल्टर काढून फोटो घ्यावा. स्क्रीनवर दोन वस्तू एकमेकींत मिसळल्या तर रंगीत काढायचं, किंवा दोन पावलं सरकून मागची पार्श्वभूमी बदलायची. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर ही चैन करू नका, रविवारी मागे रांग असते.

घरी आल्यावर दोन्ही करून बघायची सवय सोडा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक फोटोचे दोन अवतार बनवलेत की डोळा थकतो आणि जो नंतर पाहिला तोच बरा वाटतो, तुमचं तेच होतंय. जागेवर ठरवलेलं आधी पूर्ण करा, एक रात्र जाऊ द्या, मग हवं तर दुसरं करा. भिंतीवर किंवा अल्बममध्ये एकत्र लावणार असाल तर एका मालिकेत मिसळ नको. पाच काळ्या-पांढऱ्यांमध्ये एक हिरवा लावला की बाकीचे पाच बघितलेच जात नाहीत.

ब्रह्मगिरी छापायला देणार असं लिहिलंय. नेहमीच्या रंगीत फोटो-कागदावर ब्लॅक अँड व्हाइट छापला तर अनेकदा हिरवट किंवा गुलाबी झाक येते, कारण तिथे करडा रंग तीन रंगांच्या समतोलातून बनतो आणि तो समतोल जरा ढळला तरी दिसतो. लॅबमध्ये आधी विचारा की करड्या शाईचं इंकजेट आहे का. असेल तर मॅट (बिनचमकीचा) कॉटन कागद किंवा बरायटा (किंचित चमकीचा फोटो-कागद) मागा. ढगासाठी मला मॅट बरा वाटतो, ओल्या कातळासाठी बरायटा; तुमच्या फोटोत ढग जास्त आहे. पूर्ण मोठा छापण्याआधी ज्या भागात कडा ढगात शिरतो तेवढीच एक पट्टी छापून घ्या आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उजेडात नेऊन बघा.